परदेशी निघालेल्या शिक्षकाची पेटी



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठ्या विषयांवर व्याख्याने झाली. इतिहासाच्या अभ्यासकाने राज्ये, लढाया आणि तह यांविषयी बोलावे, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. मी मात्र एक लहान विषय निवडला आहे. शिकवण्यासाठी परदेशी जाणारा माणूस आपल्याबरोबर काय नेतो, परतताना काय आणतो आणि सीमेवर बसलेले खाते त्या सामानाकडे कोणत्या नजरेने पाहते, एवढाच तो विषय आहे. गुरुजी आम्हांला सांगत असत की, माणसाचे घर पाहायचे असेल तर दिवाणखाना पाहू नये, माळ्यावरची पेटी उघडून पाहावी. त्यांचीच आज्ञा मी आज पाळीत आहे.

सीमा म्हणजे काय, हे रामाकोन्याच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर, पांढुर्णा हा आपला मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. कालपर्यंत नागपूर ही आपली राजधानी होती. ती दुसऱ्या राज्यात गेली. पण सोयरिका, दवाखाना, कापडखरेदी आणि संत्र्याची बाजारपेठ नागपूरलाच राहिली. आपली छोटी गाडी इतवारीपर्यंत तशीच धावत राहिली, थेट २०१५ मध्ये ती अरुंद लोहमार्गावरची वाहतूक बंद होईपर्यंत. धान्यबंदीच्या दिवसांत लेकीकडे ज्वारी घेऊन निघालेल्या बापाला नाक्यावर एकच प्रश्न विचारला जाई : हे घरच्यासाठी आहे की विकायला? पायली-दोन पायली असेल तर घरचे, पोते असेल तर व्यापाराचे. पोत्यातली ज्वारी लेकीच्याच घरी शिजणार आहे, हे सिद्ध करण्याचे साधन त्या बापाजवळ नसे. जगातील सर्व सीमाशुल्क कायद्यांचा गाभा या एका प्रश्नात आहे, असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

या प्रश्नाचे वय फार मोठे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे प्रकरण आहे. मालावर शुल्क कसे घ्यावे हे सांगून झाल्यावर तेथे काही वस्तूंना शुल्कमाफी दिली आहे : विवाहाचे साहित्य, नववधू सासरी नेते ते सामान, भेटवस्तू, यज्ञ आणि बाळंतपण यांसाठी लागणारे जिन्नस, पूजा, चौल, मुंज, व्रते यांचे साहित्य. अशा मालाला ग्रंथकार 'उच्छुल्क' म्हणतो. आणि लगेच पुढे, खोटे सांगून ही सवलत उपटणाऱ्याला चोराची शिक्षा सांगतो. सवलत आणि संशय ही जुळी भावंडे आहेत, हे त्याला पुरते ठाऊक होते. यादीत मुंजीचे साहित्य आहे, म्हणजे शिकायला निघालेल्या बटूची दखल शास्त्रकाराने घेतली. शिकवायला निघालेल्या आचार्याच्या सामानाचा वेगळा उल्लेख त्या यादीत नाही. कदाचित त्याच्याजवळ सामान म्हणण्यासारखे काही असेल, असे ग्रंथकाराला वाटले नसावे.

आणि तसे वाटण्यात फारशी चूकही नव्हती. आपल्याकडची आधुनिक काळातील एक थोर शिक्षिका याचा दाखला आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये मुंबईहून आगबोटीने इंग्लंडला गेल्या; बरोबर लहानगी मनोरमा होती. पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या हाताखाली त्या शिकल्या आणि तेथेच त्यांनी संस्कृत शिकविले. मराठी मुलखातील एक विधवा बाई इंग्रज मुलींना संस्कृत शिकविते, ही त्या काळात केवढी गोष्ट होती! त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रोष पत्करून घरातील स्त्रियांना संस्कृत विद्या दिली. बालपणीच रमाबाईंनी भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत केले होते. त्यांच्या व्यवसायाचे हत्यार त्यांच्या कंठात होते. इंग्लंडचे सीमाशुल्क तेव्हा तंबाखू, मद्य, चहा अशा थोड्या जिनसांपुरते उरले होते, कारण ते राष्ट्र खुल्या व्यापाराच्या मार्गाने गेले होते. त्या कंठावर शुल्क लावण्याची सोय कोणत्याच राष्ट्राजवळ नव्हती.

ग्रंथांच्या बाबतीत गोष्ट निराळी. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठात गेले. हेन्री क्लार्क वॉरन या पंडिताने 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची संशोधित आवृत्ती हाती घेतली होती आणि १८९९ मध्ये त्याचे निधन झाल्याने ती अपुरी राहिली होती. ती पुरी करण्यासाठी पाली जाणणारा माणूस हवा होता. सिंहलद्वीपात आणि ब्रह्मदेशात भिक्षूंच्या पायाशी बसून पाली शिकलेला, इंग्रजी शाळेत न गेलेला हा गोमंतकीय गृहस्थ त्यासाठी अमेरिकेस गेला. सयाजीराव गायकवाडांच्या मासिक पन्नास रुपयांवर महाराष्ट्रात राहून पाली विद्येचा प्रसार करण्याचे त्यांनी पत्करले होते. म्हणून १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली आणि मग पुन्हा हार्वर्डला गेले. त्या वेळी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा मुलगा दामोदर बरोबर होता. हाच मुलगा पुढे गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी म्हणून जगाला माहीत झाला. धर्मानंद १९२९ मध्ये लेनिनग्राडलाही पाली शिकवायला गेले.

धर्मानंदांची पेटी कोणत्या बंदरावर कोणी उघडली, हे सांगण्याचा माझा उद्देश नाही. मला लक्ष वेधायचे आहे ते त्या वेळच्या अमेरिकन कायद्याकडे. १९०९ च्या अमेरिकन जकात कायद्यात, आणि त्याच्या आधीच्या कायद्यांतही, शुल्कमाफ वस्तूंच्या यादीत अंगावरचे कपडे आणि वैयक्तिक वापराच्या वस्तू तर होत्याच. शिवाय देशात वस्तीला येणाऱ्या माणसाजवळची 'व्यवसायाची पुस्तके' आणि त्याच्या धंद्याची अवजारे ही एकाच कलमात, एकाच ओळीत घातलेली होती. सुताराचा रंधा आणि पंडिताची पोथी यांना त्या कायद्याने एका पंक्तीला बसविले. हे वाचले तेव्हा मला मोठे कौतुक वाटले. अमेरिकन कायदा सगळ्यांच्याच बाबतीत उदार होता असे कोणी समजू नये. माणसांना दाराबाहेर ठेवण्याचे त्याचे कायदे कठोर होते आणि आशियातील लोकांना त्यांचा चांगलाच प्रसाद मिळाला. परंतु आत घेतलेल्या शिक्षकाच्या पुस्तकाला त्याने हत्यार मानले, हेही खरे.

आता आपल्या भागातला माणूस. वर्ध्यात जन्मलेले आणि नागपुरात शिकलेले पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यासाठी तरुणपणीच देशाबाहेर पडले. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत वावरले आणि १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत पोचले. तेथे चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर 'आमची रोजची भाकर' हे चित्र काढले, त्यात भाकर वाटणाऱ्यांच्या मध्ये आपले खानखोजे बसलेले आहेत. वर्ध्याचा माणूस मेक्सिकोच्या भिंतीवर! सौंसरच्या बाजारात हे कोणाला सांगितले तर विश्वास बसत नाही.

अशा शिक्षकाचे हत्यार कोणते? बियाणे. आणि बियाणे ही शुल्क भरूनही नेता येईल अशी वस्तू नव्हे. भारतात १९१४ पासून पिकांवरील कीड आणि रोग यांना आळा घालणारा कायदा आहे. त्याखाली परदेशातून येणाऱ्या रोपांवर आणि बियांवर निर्बंध घालता येतात. अमेरिकेने तसाच कायदा १९१२ मध्ये केला होता. संत्र्याच्या कलमांतून रोग कसा पसरतो हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे, म्हणून या कायद्यांची कुचेष्टा मी करणार नाही. पण खानखोज्यांच्या बाबतीत प्रश्न बियाण्यापर्यंत पोचलाच नाही. स्वातंत्र्यानंतर त्यांनी मायदेशी येण्याची परवानगी मागितली तेव्हा ती आधी नाकारली गेली. ब्रिटिश सरकारच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि राज्य बदलले तरी यादी बदलली नव्हती. तो निर्णय पुढे फिरविला गेला, ते १९४९ मध्ये आले, काही वर्षांनी नागपुरास स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी वारले. ज्याच्यासाठी आयुष्य वेचले त्या स्वतंत्र देशाच्या उंबरठ्यावर माणूसच निषिद्ध माल ठरावा, याहून विपरीत ते काय?

मित्रहो, येथून पुढचा इतिहास तुमच्यापैकी पुष्कळांच्या आठवणीतला आहे. स्वतंत्र भारतात परकीय चलनाची टंचाई होती. साठच्या दशकात इंग्लंडला निघालेल्या माणसाला तीन पौंड मिळत आणि सत्तरच्या दशकात आठ डॉलर. 'पी फॉर्म' मंजूर झाल्याशिवाय तिकीट हाती येत नसे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले, नवे दागिने चौदा कॅरटचे करण्याचा हुकूम सुटला, सराफ देशोधडीला लागले. १९६८ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला, तो १९९० मध्ये रद्द झाला. १८७८ चा जुना सागरी सीमाशुल्क कायदा जाऊन १९६२ चा नवा कायदा १ फेब्रुवारी १९६३ पासून अमलात आला. त्याचे सत्त्याहत्तरावे कलम म्हणते की, प्रवाशाने आपल्या सामानाची घोषणा करावी. एकोणऐंशीवे कलम 'बोनाफाईड' सामानाला शुल्कमाफी देते.

हा 'बोनाफाईड' शब्द आपल्या शाळेला नवा नाही. परीक्षेचा अर्ज, एस. टी.चा पास, शिष्यवृत्ती, कशासाठी म्हणून मुले कार्यालयाच्या खिडकीशी 'बोनाफाईड' मागायला उभी राहतात. हा विद्यार्थी खरोखर या शाळेचा आहे, असे मुख्याध्यापक लिहून देतात आणि गोल शिक्का उमटतो. सामानाच्या बाबतीत असा शिक्का देणारा मुख्याध्यापक कोणी नसतो. ही साडी खरोखर माझीच आहे, हे माझे मलाच सांगावे लागते आणि समोरच्या अनोळखी अधिकाऱ्याला ते खरे वाटावे लागते.

अधिकाऱ्याची बाजूही सांगितली पाहिजे. त्या काळात देशातील सोन्याचा भाव बाहेरच्यापेक्षा पुष्कळ चढा होता. घड्याळे, ट्रान्झिस्टर, टेरिलिनचे कापड यांतही मोठा नफा होता. जो प्रवासी येई तो संभाव्य व्यापारी, असे मानूनच त्याला काम करावे लागे. खऱ्या सामानाच्या गर्दीत खोटे सामान लपते आणि त्याचा त्रास खऱ्याला होतो.

मी स्वतः १९७३ च्या सप्टेंबरात इथिओपियात गणित शिकवायला गेलो. सम्राट हैले सेलासींच्या काळात तेथील शाळांसाठी भारतातून, विशेषतः केरळातून, शिक्षक मोठ्या संख्येने नेमले गेले. आमच्यासारखे वऱ्हाड-नागपूरकडचे थोडे. निघताना मुंबईच्या विमानतळावर पत्नीच्या पाटल्या, मंगळसूत्र आणि कानांतल्या कुड्या यांची वजनासह यादी करून घ्यावी लागली. ही नोंद नसेल तर परत येताना तेच दागिने परदेशी सोने ठरण्याची भीती होती. आईने पुतळ्यांची माळ दिली होती. ती आम्ही घरीच ठेवली, कारण तिचे वजन लिहून घेताना तिला कोणी परक्याने हात लावावा, हे आईला सहन होईना. पेटीत गणिताची पुस्तके, गोल डब्यातले तिखट, गव्हाच्या कुरड्या, एक स्टोव्ह आणि प्रेशर कुकर. अदिस अबाबाच्या विमानतळावरील तरुण अधिकाऱ्याने पुस्तके न पाहता कुकर हाती घेतला, शिट्टी काढून पाहिली आणि हे कोणत्या प्रयोगशाळेचे उपकरण आहे असे विचारले. माझ्या पत्नीने अभिनयाने भात शिजवून दाखविला तेव्हा मागच्या रांगेतही हशा पिकला. कागदावर त्यांनी तारीख घातली ती १९६६ सालाची! त्यांची कालगणना आपल्यापेक्षा सात-आठ वर्षे मागे चालते आणि त्यांच्या वर्षाला तेरा महिने असतात, हे मला तेव्हा प्रथम कळले.

पुढच्याच वर्षी, १२ सप्टेंबर १९७४ रोजी, सम्राट पदच्युत झाले. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना साक्षरतेच्या आणि जमीनसुधारणेच्या मोहिमेवर खेड्यांत धाडले गेले. अकरावी-बारावीचे वर्ग ओस पडले. माझ्या वर्गातील मुले जाण्यापूर्वी आपल्या भूमितीच्या वह्या माझ्याजवळ ठेवून गेली, परत आल्यावर घेऊ असे म्हणून. माझा करार १९७६ मध्ये संपला तोवर त्यांतली बरीच परतली नव्हती. काहींच्या घरी मी वह्या पोचविल्या. ज्यांचे घर सापडले नाही त्यांच्या सतरा वह्या माझ्याबरोबर आल्या.

मायदेशी विमानतळावर टेपरेकॉर्डरची नोंद झाली, शुल्क भरले, त्यात तक्रारीला जागा नाही. वह्यांचा गठ्ठा मात्र अधिकाऱ्याने सोडविला. आतला मजकूर इंग्रजीत होता, पण मुखपृष्ठांवर आणि समासांत अम्हारिक लिपीत काहीबाही लिहिलेले होते. ही लिपी कसली, हे काय आहे, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, मुलांच्या वह्या. त्यांनी विचारले, किंमत? छापील नमुन्यात वस्तूपुढे किमतीचा रकाना होता आणि तो कोरा ठेवता येत नव्हता. शेवटी त्यांनीच शहाणपणाने मार्ग काढला. वजनाच्या अंदाजाने रद्दीचा भाव धरला आणि पाच रुपये लिहिले. माणूस भला होता. गठ्ठा त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा बांधून दिला.

नंतरच्या काळात नियम पुष्कळ सैल झाले. १९९८ च्या सामानविषयक नियमांत, परदेशी काही महिने काम करून परतणाऱ्या भारतीयाला त्याच्या व्यवसायाच्या साधनांवर वेगळी सवलत दिली होती. मी मोठ्या आशेने ते कलम वाचले. व्यवसायाची साधने म्हणजे काय, याची व्याख्या तेथे केलेली आहे : सुतार, नळकारागीर, वेल्डर, गवंडी आणि तत्सम लोकांना लागणारी, हाती नेता येतील अशी उपकरणे. आणि काय धरू नये, तेही स्पष्ट सांगितले आहे : कॅमेरे, कॅसेट रेकॉर्डर, संगणक, टंकलेखनयंत्रे. गवंड्याची थापी हत्यार, लिहिणाऱ्याचे टंकलेखनयंत्र सर्वसामान्य वापराची वस्तू! गवंड्याला मिळाले याचा मला आनंदच आहे. आखातात उन्हात राबून आलेल्या त्या माणसाचा हक्क पहिला. पण १९०९ च्या अमेरिकन कायद्यात पोथी आणि रंधा जवळजवळ होते, ते नव्वद वर्षांनी आपल्याकडे वेगळे झाले, एवढे मात्र नोंदवून ठेवावेसे वाटते. २००४ मध्ये प्रौढ प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणण्याची मुभा मिळाली, म्हणजे टंकलेखनयंत्राला नाकारलेली जागा त्याच्या नातवाने मिळविली. २०१६ च्या नियमांनी सगळा हिशेब रुपयांत आणला : परदेशी दोन वर्षे राहून कायमचे परतणाऱ्याला पाच लाखांपर्यंतचे घरगुती सामान. हिशेबाला हे सोपे, यात शंका नाही.

जगाच्या पातळीवर या प्रश्नाचा विचार झालाच नाही असे नाही. युनेस्कोच्या पुढाकाराने १९५० मध्ये फ्लॉरेन्स येथे शैक्षणिक, वैज्ञानिक आणि सांस्कृतिक साहित्यावर शुल्क घेऊ नये असा करार झाला. १९७० मध्ये ब्रुसेल्स येथे अध्यापनसाहित्याच्या तात्पुरत्या आयातीसाठी स्वतंत्र करार झाला. दोन्ही करारांत विचार आहे तो प्रामुख्याने साहित्याचा. ते हाती घेऊन निघालेला माणूस त्यात ओझरता दिसतो.

आज आपल्या शाळेची मुले-मुली जगभर शिकवायला जातात, म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी. सामानाची यादी दोन प्रतींत करावी आणि एक घरी ठेवावी. दागिने नेणार असाल तर निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून तसे प्रमाणपत्र घ्यावे. परतीच्या वेळी तेच कामी येते. प्रमाणपत्रांच्या बाबतीत तुमचे नशीब आमच्याहून बरे आहे. भारत २००५ मध्ये 'अपॉस्टिल' करारात सामील झाला, त्यामुळे करारातील देशांसाठी वकिलातींच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. आणि घरची संत्री किंवा बियाणे कितीही मोह झाला तरी पिशवीत घालू नये.

त्या सतरा वह्या मी आज बरोबर आणल्या आहेत आणि सभेनंतर ग्रंथपालांच्या स्वाधीन करणार आहे. मुखपृष्ठावरची नावे येथे कोणाला वाचता येणार नाहीत. आतले पायथागोरसचे प्रमेय मात्र नववीच्या कोणाही मुलाला कळेल; एका वहीत तर ते तीन निरनिराळ्या रीतींनी सिद्ध केलेले आहे आणि तिसरी रीत मी त्या मुलाला शिकविलेली नव्हती.